सगळीच जोडलेली काच ‘टिफनी’ नसते

रंगीत काचेचं कुठलंही काम दिसलं की ‘टिफनी’ म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय कधी जाणार कोण जाणे. त्याहून वैताग आणणारा प्रश्न म्हणजे, “फॉइलसाठी कापलेल्या काचा पडून आहेत, त्याच लेडमध्ये बसवू का?” बसवून बघा. बसणार नाहीत. फॉइल आणि लेड या काचेचे तुकडे जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती: एकीत तांब्याची पट्टी, दुसरीत शिशाची.

(ट्यूबमधल्या काळ्या रेघेने आखून काचेवर रंग भरणं हे तिसरंच प्रकरण. ते ग्लास पेंटिंग. त्याबद्दल राग नाही, पण इथे त्याचं काम नाही.)

कॉपर फॉइल बहुतेकांनी केलेलं असतं. काचेच्या कडेला तांब्याची चिकट पट्टी गुंडाळायची, तुकडे मांडायचे, फ्लक्स (तांब्यावर सोल्डर धरावं म्हणूनचा लेप) लावायचं आणि सगळ्या फटींवर सोल्डरचा, म्हणजे वितळवलेल्या कथील-शिशाच्या मिश्रधातूचा, गोलसर उंचवटा आणायचा. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ही पद्धत रुजली आणि लुई कम्फर्ट टिफनीच्या दिव्यांमुळे त्याचं नाव तिला चिकटलं. लेड त्याच्या कितीतरी आधीचं. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमधल्या १२व्या-१३व्या शतकातल्या काचा शिशाच्या पट्ट्यांतच बसवलेल्या आहेत. या पट्टीचा छेद इंग्रजी ‘एच’सारखा असतो, दोन्ही बाजूंच्या खाचांत काच सरकते. इतकं तर फोटोतही दिसतं.

फोटोत दिसत नाही ते हे, की दोन्हींत सोल्डरचं काम वेगळं आहे.

फॉइलमध्ये सोल्डर हाच सांगाडा. ते काचेला चिकटत नाही, तांब्याला धरतं. पट्टीचा गोंद सोल्डर भरेपर्यंत पट्टी जागेवर राहावी एवढ्यापुरताच. पुढून-मागून भरलेल्या सोल्डरची अखंड जाळी तयार होते आणि काच तिच्यात अडकून राहते. लेडमध्ये मात्र सोल्डर फक्त पट्ट्या एकमेकींना भेटतात त्या सांध्यांवर. बाकी लांबीभर काच खाचेत सैलच असते. या टप्प्यावर पॅनेल उचललं तर खुळखुळतं, आणि इथेच लोक घाबरतात. ताठपणा येतो तो पुढच्या पायरीला, सिमेंटिंगने. बांधकामाचं सिमेंट नव्हे; खडूची पूड आणि जवसाचं तेल यांची पुट्टी ब्रशने खाचांत कोंबायची. हात काळे होतात, टेबल बरबटतं, म्हणून हौशी मंडळी ही पायरी गाळतात आणि वर “लेड कमकुवतच असतं” असं सांगत फिरतात.

आता त्या न बसणाऱ्या काचा. लेडच्या दोन खाचांमधला पडदा साधारण १.६ मिलिमीटर जाड असतो, तेवढी जागा दोन तुकड्यांत सोडावीच लागते. फॉइलला त्याच्या निम्मी, ०.८ पुरते. म्हणून तर कागदी नमुना कापताना मधली तेवढी पट्टी काढून टाकणाऱ्या कात्र्या दोन प्रकारच्या मिळतात. एका ओळीत १० तुकडे असतील तर फटी ९. लेडला हव्यात १४.४ मिलिमीटर, तुम्ही सोडल्यात ७.२. पॅनेल ७ मिलिमीटरने वाढलं आणि चौकटीबाहेर गेलं. मी हे केलंय, आणि मग बसून एकेक काच घासलीय. उलट केलंत, म्हणजे लेडच्या काचा फॉइलला वापरल्यात, तर रुंद फटी सोल्डर पीत बसतात. या छंदात सोल्डर ही काही स्वस्त गोष्ट नाही.

सोल्डर वितळवायच्या इस्त्रीचंही तेच. फॉइलवाल्यांना इस्त्री रेघभर ओढायची सवय. लेडवर ती सवय नेलीत तर पट्टीलाच भोक पडेल, कारण शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि फॉइलसाठी इस्त्री सहज त्याच्यावर तापवलेली असते. तापमान उतरवा, टेकवा आणि उचला.

तुटलेली काच बदलायची तर लेड सोपं: पट्टीचा ओठ उघडा, नवी काच सरकवा, ओठ मिटवा. फॉइलमध्ये चहूबाजूंचं सोल्डर वितळवून काढताना शेजारची काच तडकण्याची धास्ती.

स्वस्त काय? काच दोन्हीकडे तीच आणि खिसा तीच रिकामा करते. पण फॉइलला ग्राइंडर (काचेच्या कडा घासायचं यंत्र) जवळजवळ लागतोच. ३ मिलिमीटर जाड काचेवर ५.५ मिलिमीटर रुंद पट्टी लावली की प्रत्येक बाजूला जेमतेम सव्वा मिलिमीटर झाकला जातो. शिशाचा ओठ याहून जास्त झाकतो, किंचित वाकडा कापही लपवतो. खिडकीत, उन्हापावसात राहणारं काम असेल तर मी लेडच म्हणेन. गोलाकार दिवा, बारीक नक्षी असेल तर फॉइल, त्यात वाद नाही. आणि “शिसं नको म्हणून फॉइल” हे कृपया बंद करा. ६०/४० सोल्डरमधला तो ४० टक्के भाग शिशाचाच असतो. हात दोन्हीकडे धुवायचेत.

नमुना कापायच्या आधी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ‘लेड’ किंवा ‘फॉइल’ लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तो गठ्ठा उघडाल तेव्हा ०.८ मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही.