डोंगरातल्या सायकल शर्यतीत टायरमध्ये हवा किती?

२९ जुलै २०२४, पॅरिसजवळची एलांकूरची टेकडी. ऑलिंपिकमधली पुरुषांची माउंटन बाइक क्रॉस-कंट्री शर्यत: ४.४ किमीच्या आठ फेऱ्या. चौथ्या फेरीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं. नेमून दिलेल्या जागी पोचून चाक बदलेपर्यंत फ्रान्सचा व्हिक्टर कोरेत्स्की अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढे निघून गेला होता. पिडकॉकने त्याला गाठलं आणि शर्यत ९ सेकंदांनी जिंकली. आदल्या दिवशी महिलांच्या शर्यतीत नेदरलँड्सच्या पुक पीटर्सेला मात्र पंक्चर भोवलं; दुसऱ्या क्रमांकावर असताना टायर गेला आणि ती चौथी आली.

मग टायर टणक फुगवून पंक्चरची भीतीच का संपवत नाहीत? कारण खडबडीत वाटेवर टणक टायर हळू पळतो.

गुळगुळीत डांबरावर टायर दबतो-उघडतो तेवढीच शक्ती रबरात वाया जाते, म्हणून तिथे जास्त हवा चालते. दगड-मुळांच्या वाटेवर हिशेब बदलतो. टणक टायर दगडावर आला की दगड रबरात रुतत नाही, अख्खी सायकल माणसासकट वर उचलली जाते. ८० किलो वजन १ सेंमी उचलायला साधारण ८ जूल लागतात. सेकंदाला असे पाच दगड आले तर ४० वॅट झाले. खाली येताना त्यातलं थोडं परत मिळतं, बाकीचं हातापायांच्या स्नायूंत आणि सस्पेन्शनमध्ये जिरतं. मऊ टायर दगडाला पोटात घेतो आणि सायकल सपाट पळत राहते.

पकडही वाढते. चाकावरचा भार भागिले हवेचा दाब, म्हणजे ढोबळमानाने टायर जमिनीला टेकतो तेवढं क्षेत्रफळ. पुढच्या चाकावर ३५ किलो असतील तर ३० पीएसआयला (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर पौंड, हवेचा दाब मोजायचं एकक) सुमारे १७ चौ. सेंमी रबर टेकतं, २० पीएसआयला २५. ओल्या मुळावरून वळताना हा फरक हँडलमध्येच जाणवतो.

७० किलोच्या स्वाराला २९ इंची चाक आणि २.४ इंच रुंद ट्यूबलेस टायरवर पुढे १८-२०, मागे २०-२२ पीएसआयपासून सुरुवात करता येते. मागे जास्त, कारण भार मागे जास्त. मग तीन-चार मिनिटांचा एकच खडकाळ तुकडा पुन्हा पुन्हा चालवा आणि दर वेळी १ पीएसआय कमी करा. रिम दगडाला लागल्याचा ‘ठक्’ आवाज आला किंवा वळणावर टायर कडेला लडबडला की २ पीएसआय परत चढवा. तुमचा आकडा तिथेच आहे. त्याखाली गेलात तर दगड आणि रिमच्या कडेमध्ये टायर चिमटला जातो आणि कापतो, किंवा वळणावर टायरची कड रिमवरून क्षणभर सुटून ‘फुस्स’ करून हवा जाते.

मोजायला डिजिटल गेज घ्या. मोठ्या पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला हमखास चुकतो, आणि इथे १ पीएसआयलाही किंमत आहे. हवा शर्यतीच्या जागी, सावलीत तपासा. २० अंशांना भरलेले २० पीएसआय ४० अंशांच्या उन्हात २२.४ होतात. पहाटे घरी भरलेल्या हवेवर विसंबून भर उन्हात सह्याद्रीतल्या घसरड्या मुरमावर उतरलात, तर सगळं गणित चुकलेलं असतं.

टायरमध्ये ९० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, हवं. ते लॅटेक्सचं असतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं; चाक कानाशी धरून हलवा, डचमळल्याचा आवाज आला नाही तर नवीन घाला. बारीक काटा ते स्वतःच बुजवतं. मोठ्या भोकाला प्लग, म्हणजे भोकात कोंबायची चिकट पट्टी, लागतो. शर्यतीत भोक सापडलं की ते खालच्या बाजूला फिरवा, सीलंट तिथे जमू द्या. बुजत नसेल तर प्लग दाबून घाला, टोकं थोडी बाहेर ठेवा. मग व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून कार्बन डायऑक्साइडचं काडतूस लावा. व्हॉल्व्ह खाली राहिला तर गार वायूचा झोत थेट सीलंटवर जातो आणि काही सीलंटच्या तिथेच गुठळ्या होतात. हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे शर्यत संपल्यावर तो सोडून द्या आणि साधी हवा भरा.