टेरेसवरची झाडं आणि खालच्या फ्लॅटमधली ओल

सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्याआधी फिरणारा मजकूर : ‘टेरेसवर झाडं लावू नका, मुळं स्लॅब फोडतात आणि खालच्या घरात गळतं.’

तुळस, मोगरा, कढीपत्ता यांची मुळं धड काँक्रीटला भोक पाडत नाहीत. ती ओलाव्याच्या मागे जातात आणि आधीच असलेल्या भेगेत शिरतात. ती भेग बहुधा कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) तडकल्याने पडलेली असते. पन्हाळीच्या तोंडाशी पाला-माती अडकली, की पाणी तुंबून तिथूनच झिरपतं. पिंपळ, वड, उंबर मात्र खरोखर भेग रुंदावतात. पुण्यातल्या कितीतरी इमारतींच्या पाइपांमागे ते दिसतात. पण ते कुणी लावलेले नसतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवतात. दिसताच उपटावेत.

खात्री करायला मे महिना उत्तम. कुंड्या बाजूला घ्या, पाणी जायचं तोंड बंद करा, दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवा. खालच्या छतावर आधीच पेन्सिलीने ओलीची कड आखून ठेवा. डाग कडेबाहेर सरकला तर वॉटरप्रूफिंग गेलंय, आणि कुंड्या हलवून ते सुधारणार नाही. डाग बारा महिने सारखाच राहत असेल, तर आधी बाथरूमची पाइपलाइन तपासा.

चिंता करायचीच तर वजनाची करा, त्याबद्दल कुणी फॉरवर्ड करत नाही! फूटभर खोल ओली माती चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते. वापरातल्या सपाट गच्चीसाठी माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात. मातीचे वाफे घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.