अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाईदलाच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांना एक चमत्कारिक अपघात वारंवार व्हायचा. विमान सुखरूप धावपट्टीवर टेकायचं, वेग उतरायला लागायचा आणि तेवढ्यात वैमानिक स्वतःच्याच हाताने विमानाची चाकं आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. कारणाच्या रकान्यात लिहिलं जायचं: वैमानिकाची चूक.

अल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटकडे नीट पाहिलं. चाकं वर घेण्याचा खटका आणि पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मिटण्याचा खटका शेजारी शेजारी होते, आणि हाताला दोन्ही अगदी सारखे लागत. उतरल्यावर फ्लॅप मिटायचे असतात. थकलेला हात शेजारच्या खटक्यावर पडला की खेळ खलास. सी-४७ विमानात हे दोन खटके असे जोडीने नव्हते, आणि तिथे हा अपघातही नव्हता. चपानिसने चाकांच्या खटक्याला रबराचं छोटंसं चाक बसवायला लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. आता नजर न वळवताही बोटांना फरक कळू लागला.

खटका ओढणारा हात वैमानिकाचाच होता, हे खरंच आहे. पण ते खरं कितीही वेळा बजावून सांगितलं असतं, तरी त्याने एकही विमान वाचलं नसतं.

गरिबी, व्यसन, बेकारी, गुन्हेगारी यांवरचा राजकीय वाद ऐकताना मला हे दोन खटके हटकून आठवतात. एक बाजू म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. ज्याने त्याने आपल्या आयुष्याची जबाबदारी घ्यावी. दुसरी म्हणते, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोघांनीही धरून ठेवलंय की जबाबदारी आणि परिस्थिती ही तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेलं की दुसरं वर जाणारच. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत वाद घालणारे मोजत नाहीत, ज्यांच्याबद्दल वाद चालतो ते मोजतात.

आधी आपल्या नजरेबद्दल बोलू. १९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नमंजूषा घेतली. जोडीतला प्रश्न विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण हे निव्वळ योगायोगाने ठरलं, तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. विचारणाऱ्याने आपल्याला जे काही आडवळणाचं ठाऊक आहे त्यातून दहा अवघड प्रश्न काढायचे. साहजिकच उत्तर देणाऱ्याला त्यातले जेमतेम चार यायचे. नंतर विचारलं, दोघांत जास्त ज्ञानी कोण? बघ्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला झुकतं माप दिलं. त्याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे, उत्तर देणाऱ्यांनी स्वतःलाही कमी लेखलं. जागा बदलली असती तर निकालही फिरला असता, हे समोर दिसत असून बघ्यांच्या आणि उत्तर देणाऱ्यांच्या मनाने ते पुरेसं हिशेबात घेतलं नाही. रॉस यांनी या सवयीला मूलभूत आरोपण-दोष असं नाव दिलं. माणूस डोळ्यांत भरतो, त्याची परिस्थिती पार्श्वभूमीत विरून जाते.

हा कल सगळीकडे सारखा मात्र नसतो. १९८४ साली जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणं विचारली. मोठ्या माणसांत म्हैसूरकरांनी परिस्थितीचा उल्लेख बराच जास्त केला, अमेरिकनांनी स्वभावाचा. लहान मुलांत हा फरक जवळपास नव्हता. म्हणजे कारण कुठे शोधायचं, हे आपण वाढता वाढता शिकतो.

आणि राजकीय भूमिकेचं काय? लिंडा स्किटका आणि सहकाऱ्यांचं २००२ सालचं अमेरिकेतलं संशोधन मला फार बोलकं वाटतं. उदारमतवादी लोक परिस्थितीकडे बोट दाखवतात खरे, पण त्यांचं लक्ष दुसऱ्या कामात गुंतवून ठेवलं की तेही परंपरावाद्यांसारखंच व्यक्तीला जबाबदार धरतात. पहिला विचार दोघांच्याही मनात तोच येतो. एक गट थांबून तो दुरुस्त करतो, कारण तो त्याच्या मूल्यांशी विसंगत असतो. पुढे २०१० मध्ये दिसलं की मूल्यं आड आली की परंपरावादीही तशीच दुरुस्ती करतात. आरोप सैनिकांवर किंवा पोलिसांवर असला की त्यांनाही परिस्थिती दिसू लागते. थोडक्यात, परिस्थिती बघण्याची ताकद सगळ्यांकडे आहे. ती कुणासाठी खर्च करायची, हे आपण निवडतो.

बातम्याही इथे हात घालतात. शांतो अय्यंगार यांनी प्रयोगांतून दाखवलं की दूरचित्रवाणीवर गरिबीची बातमी एकाच माणसाच्या कहाणीतून दाखवली की प्रेक्षक त्या माणसालाच जबाबदार धरतात. तीच बातमी व्यापक आकडेवारी आणि धोरणांच्या अंगाने दाखवली की नजर समाजाकडे आणि सरकारकडे वळते. एका चेहऱ्याने कणव वाढते असं आपण समजतो. नेहमी तसं होत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा लेख सगळं खापर परिस्थितीवर फोडायला निघाला आहे. तसं नाही. ‘आपल्या हातात काहीतरी आहे’ ही जाणीव माणसाजवळची फार मोठी शिदोरी आहे, आणि ती जपा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. प्रश्न एवढाच, की ही जाणीव येते कुठून?

वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल. मुलासमोर एक गोड गोळा ठेवायचा. थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं जास्त थांबली ती पुढे परीक्षांत सरस ठरली, असं १९९० साली प्रसिद्ध झालं, आणि संयम हेच यशाचं गुपित म्हणून जगभर सांगितलं गेलं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. संबंध होता, पण पूर्वीच्या निम्माच. आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची आकलनक्षमता लक्षात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गळून पडला.

त्याआधी, २०१३ मध्ये, रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी केलेला छोटा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मूल चित्र काढायला बसलेलं. समोर वापरून झिजलेले खडू. ताई सांगते, जरा थांबलास तर छान नवं सामान आणते. काही मुलांसाठी ती खरोखर सामान घेऊन येते. काहींपुढे रिकाम्या हाताने परत येते आणि म्हणते, माफ कर, माझी चूक झाली, सामान नाहीये. मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तेच. त्यानंतर मार्शमॅलो. जिचा शब्द खरा ठरला होता तिच्यासाठी मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली; जिचा खोटा ठरला, तिच्यासाठी अवघी ३. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटात १४ पैकी ९ होती, दुसऱ्यात १४ पैकी एकच. मुलं एकूण २८, तेव्हा आकड्यांना फार ताणू नये. पण त्या दुसऱ्या गटातल्या मुलाच्या जागी बसून पाहा. दोनदा फसल्यावर हातातलं खाऊन टाकणं याला उतावळेपणा म्हणायचं की शहाणपण?

दुसऱ्या वाटेने मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर हे मानसशास्त्रज्ञ इथेच पोहोचले. १९६७ च्या सुमारास त्यांना दिसलं होतं की जे कुत्रे विजेचे झटके काही केल्या थांबवू शकत नव्हते, ते पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही निपचित पडून राहत. हतबलता शिकली जाते, असा अर्थ त्यांनी लावला. २०१६ मध्ये, मेंदूवरच्या संशोधनानंतर, त्यांनी स्वतःच तो उलटा केला: लांबत गेलेल्या संकटात निपचित होणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, शिकावी लागते ती ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ ही गोष्ट. आणि ती शिकायला, करण्याने फरक पडल्याचा अनुभव यावा लागतो. जबाबदारीची जाणीव परिस्थितीतच रुजते ती अशी.

म्हणूनच ‘किती टक्के स्वतःमुळे, किती टक्के परिस्थितीमुळे’ हा प्रश्न मला पोकळ वाटतो. निसर्ग की संगोपन, यावर मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या नावे सांगितलं जाणारं उत्तर इथेही लागू पडतं: आयताचं क्षेत्रफळ लांबीमुळे जास्त की रुंदीमुळे?

फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली एक साधी फोड केली होती, ती राजकारणात फारशी पोहोचलीच नाही. अडचण कुणामुळे आली हा एक प्रश्न, आणि ती सोडवायची कुणी हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. रुग्णाला आपण सहसा ना आजाराचा दोष देत, ना स्वतः बरं होण्याचं ओझं. पण आणखी एक जोडी शक्य आहे: अडचण तुझ्यामुळे आली नाही, तरी तिच्यातून बाहेर पडण्याचं काम तुझं आहे आणि त्याची साधनं तुला मिळायला हवीत. मी या बाजूचा आहे. वादात मात्र एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो, दुसरा दुसऱ्याचं, आणि आवाज चढत जातो.

साधनं हाती दिली की काय होतं, याचं एक उदाहरण पाहा. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतल्या पाच शहरांत, अतिशय गरीब वस्त्यांमधल्या सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांनी एका योजनेत नाव नोंदवलं. सोडत निघाली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी सरकारी व्हाउचर, म्हणजे भाड्याला मदत करणारी चिठ्ठी, मिळालं. ते मिळालं म्हणजे घर मिळालं असं नव्हतं. ठरलेल्या मुदतीत घर शोधायचं, घरमालकाला राजी करायचं. व्हाउचर मिळालेल्यांपैकी सुमारे निम्मीच कुटुंबं हलू शकली. मोठ्यांची कमाई त्याने वाढली नाही, मन मात्र सावरलं. हलताना किशोरवयात असलेल्या मुलांनाही कमाईत फायदा झाला नाही. पण १३ वर्षांच्या आत जी मुलं हलली, त्यांचं विशीच्या मध्यावरचं उत्पन्न, राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधल्या अभ्यासानुसार, सोडत न लागलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघालं.

सोडत न लागलेल्या घरांतल्या आईवडिलांनीही आपल्या मुलांसाठी तोच अर्ज भरला होता.