नळीचा पीळ आणि जड गोळी

रायफलच्या नळीत आतून मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. त्यांच्या वळणाला पीळ म्हणतात. खाचांत रुतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि भोवऱ्यासारखी, फिरते तोवर तोल धरते. किती इंचांत एक फेरा, त्यावरून पीळ मोजतात. 1:8 म्हणजे 8 इंचांत एक. आकडा लहान, पीळ घट्ट. अशा नळीतून सेकंदाला 3000 फूट वेगाने निघालेली गोळी सेकंदात 4500 गिरक्या घेते.

विदर्भातल्या खेड्यांत रोही-डुकरांपासून पीक राखायला जी भरमार (तोंडाकडून दारू ठासायची बंदूक) किंवा बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक दिसते, तिची नळी आतून गुळगुळीत. तिथे पिळाचा प्रश्नच येत नाही. तो रायफलवाल्यांचा, त्यातही हाताने काडतूस भरणाऱ्या नेमबाजांचा.

‘जड गोळीला घट्ट पीळ’ हे बोलणे अर्धेच खरे. पीळ ठरतो मुख्यतः लांबीवरून. जाडी नळीने बांधलेली, म्हणून वजन वाढले की गोळी लांबते, एवढाच वजनाचा संबंध. शिशाविना नुसत्या तांब्याची गोळी त्याच वजनाला आणखी लांब होते, आणि वजन पाहून निवडणारा तिथेच फसतो. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांचे 1879 चे सूत्र अजूनही अंदाजाला पुरते: 150 गुणिले गोळीच्या व्यासाचा वर्ग, भागिले तिची लांबी, सारे इंचांत; येईल तितक्या इंचांत एक फेरा हवा. वेग सेकंदाला 2800 फुटांपेक्षा जास्त असेल तर 150 ऐवजी 180 घेतात. अमेरिकी सैन्याच्या एम-16 रायफलचा 1:12 पीळ 55 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीला पुरत होता. 62 ग्रेनची लांब गोळी आणि तिच्याहून लांब ट्रेसर (मागे उजेडाची रेघ सोडणारी गोळी) आल्यावर एम-16ए2 या पुढच्या रूपाला पीळ 1:7 करावा लागला.

नळीचा पीळ घरीच मोजता येतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करून सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावावी, मूठ मोकळी फिरणारी हवी. गजावर खूण करून तो ओढावा. खूण पूर्ण फेरा घेऊन वर येईपर्यंत गज जितका सरकला, तितके इंच. पीळ अपुरा असला तर कागदी निशाणावर गोल भोकाऐवजी लांबट चीर उमटते: गोळी आडवी लागलेली असते.

इथल्या हवेचाही यात हात आहे. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारी हवा जानेवारीतल्या 10 अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे 11 टक्के विरळ असते आणि विरळ हवेत गोळी सहज तोल धरते. उन्हाळ्यात जेमतेम जमलेली नळी-गोळीची जोडी थंडीत बिघडते, आणि दोष बिचाऱ्या दुर्बिणीला लागतो.

हाताने काडतूस भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही.