म्हाताऱ्या मेंढ्याची किंमत

अॅरिझोनातल्या कोफा डोंगरांत डिसेंबरच्या शिकारीत बंदुकीची पाळी फार उशिरा येते. आधी दुर्बीण. वाटाड्या ट्रायपॉडवर मोठी दुर्बीण लावून समोरचा उतार वरपासून खालपर्यंत, पट्ट्यापट्ट्याने पाहत बसतो. वाळवंटी बिगहॉर्न, म्हणजे जाडजूड वळलेल्या शिंगांचा रानमेंढा; त्याचा रंग आणि तिथल्या तापल्या कातळाचा रंग इतका सारखा की जनावर हललं नाही तर दिसत नाही. नजरेला पडतं ते बहुधा त्याच्या पार्श्वभागावरचं पांढरं ठिगळ, नाहीतर आकाशाच्या रेषेवर वळलेलं एखादं शिंग. मेंढा सापडला तरी लगेच कोणी नेम धरत नाही. वाटाड्या त्याची शिंगं वाचू लागतो, आणि या सगळ्या प्रकारातलं खरं विज्ञान तिथंच आहे.

बिगहॉर्नची शिंगं हरणाच्या शिंगांसारखी दरवर्षी गळून पडत नाहीत. आत हाडाचा गाभा, त्यावर केराटिनचं आवरण, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात तेच द्रव्य. वाढ बुडाकडून होते आणि जन्मभर चालते. वर्षातून एकदा ती मंदावते, तिथं शिंगावर खोल खाच उमटते. पहिल्या तीन-चार वर्षांतले टप्पे लांबलचक असतात, पुढचे आखूड होत जातात आणि म्हाताऱ्या मेंढ्याच्या बुडाशी खाचा एकमेकींना चिकटून बसतात. शिवाय वयाबरोबर टोकं झिजतात, टकरींत तुटतात. बोथट टोकाचा, बुडाशी जाडजूड शिंगाचा, पाठीला किंचित बाक आलेला मेंढा दिसला की अनुभवी वाटाड्या समजतो, हा नऊ-दहा वर्षांचा असणार. रानात बारा-तेरा वर्षांपलीकडे फार थोडे मेंढे जगतात.

अशा एका मेंढ्यासाठी लोक काय काय करतात हे ऐकून थक्क व्हायला होतं. अॅरिझोनात परवान्यांची सोडत निघते. वीस-वीस वर्षं अर्ज करूनही नाव न निघालेले लोक आहेत. निघालंच तर जन्मात एकदाच, पुन्हा या मेंढ्यासाठी अर्ज नाही. मोजके एक-दोन परवाने मात्र राज्यं लिलावाला काढतात आणि त्यांची बोली लाख डॉलरच्या वर जाऊ शकते. उत्तर अमेरिकेतल्या चारही रानमेंढ्यांची शिकार पूर्ण करण्याला शिकारी मंडळी ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात, आणि त्यात वाळवंटी मेंढा बहुतेकांना शेवटी मिळतो. मारलेल्या मेंढ्याची कवटी शिंगांसकट वन्यजीव खात्याकडे न्यावी लागते. तिथं मोजमाप होतं, खाचा मोजून वय नोंदतात आणि शिंगात भोक पाडून क्रमांकाची खूण बसवतात, म्हणजे चोरटं शिंग बाजारात ओळखू यावं.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर वन्यप्राण्यांची शिकार हा विषयच संपला, त्यामुळे हे वाचताना आधी राग येतो. मलाही शौकासाठी जीव घेणं पटत नाही. पण ‘यानं मेंढे संपतील’ हा आक्षेप जीवशास्त्रात टिकत नाही, हे मान्य करायला हवं. कळपाची संख्या ठरते ती मेंढ्यांवर, म्हणजे माद्यांवर. मादीला वर्षाला बहुधा एकच कोकरू होतं. नर मात्र एका हंगामात अनेक माद्यांशी समागम करतो. म्हणून हेलिकॉप्टरमधून गणना करायची, नरांची वयानुसार वर्गवारी करायची आणि वयस्कर नरांपैकी थोड्यांचेच परवाने काढायचे, अशी पद्धत आहे. म्हातारा नर गेला म्हणून पुढच्या वर्षी कोकरं कमी होत नाहीत.

मग संख्येवर परिणाम नाही तर प्रश्नच नाही का? आहे. तो जनुकांचा आहे.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथले मेंढे वाळवंटी नाहीत, त्यांचे रॉकी पर्वतातले भाऊबंद आहेत. १९७० च्या दशकापासून संशोधकांनी तिथल्या कळपातला जवळजवळ प्रत्येक प्राणी कानात बिल्ला लावून ओळखीचा करून ठेवला आहे. कोणाचा बाप कोण, कोणाचं शिंग किती वाढलं, कोण कधी मेला, सगळी वंशावळ. अल्बर्टाचा नियम असा होता की शिंगाचा वळसा चार-पंचमांश पूर्ण झाला की मेंढा मारायला मोकळा, आणि स्थानिक रहिवाशांसाठी परवान्यांना मर्यादा नव्हती. ज्याची शिंगं झपाट्याने वाढतात त्याचा तेवढा वळसा चौथ्या वर्षीच होतो. पण लांब शिंगांचा फायदा मेंढ्याला मिळतो तो सहा-सात वर्षांचा झाल्यावर, टकरी जिंकून माद्यांजवळ ठाण मांडता आलं की. म्हणजे भराभर शिंग वाढवणारा नर पिल्लं जन्माला घालण्याआधीच गोळीला बळी, आणि खुरट्या शिंगाचा निवांत जगून वंश वाढवणारा. २००३ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हा निष्कर्ष आला: तीस वर्षांत तिथल्या नरांची शिंगं आणि वजन दोन्ही घटली होती. निवड करणारा हात माणसाचा होता आणि तो नेमका उलट्या दिशेनं चालला होता.

यावर वाद झडला. काही जणांनी दुष्काळ, चारा, गर्दी यांकडे बोट दाखवलं. २०१६ मध्ये जास्त वर्षांची माहिती घेऊन पुन्हा विश्लेषण झालं. शिंगाच्या लांबीतली घट अंशतः आनुवंशिकच आहे, असं त्यातूनही निघालं. उलट अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बहुतेक शिकारक्षेत्रांत, जिथं परवाने मोजके आहेत, शिंगं अशी लहान होताना दिसलेली नाहीत. मला या दोन निकालांत विरोध वाटत नाही. अल्बर्टात वळसा बघून मारत होते, आणि वळसा म्हणजे वय नव्हे. दहा वर्षांच्या मेंढ्याची पोरं आधीच डोंगरावर बागडत असतात. तो गेला तर त्याची जनुकं मागं राहिलेली असतात. चार वर्षांचा गेला तर फारसं काही राहत नाही. म्हणून दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या त्या वाटाड्याला खाचा ओळखता येणं हे शिकाऱ्याच्या हौसेपुरतं कौशल्य नाही. त्याची चूक कळपाच्या पुढच्या पिढ्यांत उतरते.

पैशांची बाजूही बघायला हवी. एकोणिसाव्या शतकात खाणकामगारांनी मांसासाठी हे मेंढे मारले, पाळीव कळपांनी चारापाणी बळकावलं आणि रोगही आणले. विसाव्या शतकाच्या मध्याला बरेच डोंगर रिकामे झाले. टेक्ससमधला मूळचा कळप १९६० च्या सुमारास पूर्ण संपला. अॅरिझोनात १९३६ साली नामांकित टेहळ्या मेजर फ्रेडरिक बर्नहॅम यांच्या पुढाकारानं बालवीरांनी ‘मेंढे वाचवा’ मोहीम चालवली, आणि १९३९ मध्ये कोफा आणि कबेसा प्रिएटा ही दोन अभयारण्यं उभी राहिली, मिळून पंधरा लाख एकरांच्या वर. मोजकी शिकार सुरू झाली ती १९५३ मध्ये. तेव्हापासून परवान्याचा पैसा गणना, रेडिओ कॉलर, पाण्याची कृत्रिम टाकी आणि मेंढे पकडून रिकाम्या डोंगरांत सोडण्याच्या कामाकडे जात आला आहे.

मेक्सिकोतलं टिबुरॉन बेट याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. कॅलिफोर्नियाच्या आखातातलं हे बेट सेरी आदिवासींचं. १९७५ मध्ये तिथं २० मेंढे-मेंढ्या सोडल्या. १९९० च्या दशकापर्यंत त्यांचे सुमारे ५०० झाले. लिलावातल्या परवान्यांनी सेरींना उत्पन्न मिळालं आणि बेटावरचे मेंढे मुख्य भूमीवरच्या ओसाड डोंगरांत पुन्हा नेता आले. सगळे धरून चालले होते की बेटावर मेंढे माणसानंच पहिल्यांदा नेले. २०१४ मध्ये तिथल्या एका गुहेत सापडलेल्या लेंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: डीएनए बिगहॉर्नचा, वय सुमारे दीड हजार वर्षं. म्हणजे ते पूर्वी तिथं होते, नामशेष झाले आणि कोणालाही ठाऊक नसताना परत आणले गेले.

पण लिलावाचा पैसा कितीही आला तरी एका शत्रूपुढं तो अजून तोकडा पडतो. त्याचं नाव मायकोप्लाझ्मा ओव्हिन्यूमोनी. पाळीव शेळ्या-मेंढ्यांच्या नाकात हा जीवाणू राहतो आणि त्यांना फारसा त्रास देत नाही. बिगहॉर्नच्या श्वसनमार्गात मात्र तो बारीक केसांसारख्या रोमांना निकामी करतो. हे रोम घाण वर घशाकडे लोटत असतात. ते थांबले की बाकीचे जंतू फुप्फुसात उतरतात. एक चुकलेली शेळी डोंगरात शिरली, एक तरुण नर माद्यांच्या शोधात खालच्या कुरणापर्यंत आला, एवढ्यानं पुरतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रातल्या ओल्ड डॅड शिखराजवळ अशीच साथ आली आणि मेंढे पटापट मेले. पहिल्या लाटेनंतर जगलेल्या माद्यांपैकी काही जन्मभर वाहक राहतात. त्यांची कोकरं दूध पिता पिता आजार घेतात आणि दोन-तीन महिन्यांची होऊन मरतात. कळप बाहेरून ठीक दिसतो, पण त्यात पोरंच नसतात. आयडाहो आणि ओरेगनच्या हद्दीवरच्या हेल्स कॅनियनमध्ये प्रत्येक मादीच्या नाकातला नमुना तपासून वाहक माद्या कळपातून काढल्या, तेव्हा कोकरं पुन्हा जगू लागली. हे काम फार कष्टाचं आहे. जाळं टाकून प्रत्येक मादी पकडायची, तिला ताप चढू न देता, डोळे बांधून, काही मिनिटांत मोकळी करायची.

आणि शिकारीशिवाय मेंढे वाचतच नाहीत, हा शिकारी संघटनांचा दावाही पूर्ण खरा नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जच्या मागच्या डोंगरातल्या मेंढ्यांची शिकार होत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्याला ते तीनशेच्याही खाली आले होते. १९९८ मध्ये संघराज्य सरकारनं त्यांना संकटग्रस्त घोषित केलं. रँचो मिराज गावात मेंढे बागांतली हिरवळ खायला उतरत, गाड्यांखाली येत, कण्हेरीसारखी विषारी झुडपं खाऊन मरत. तिथं डोंगराच्या पायथ्याला कुंपण घातलं. मेंढे पुन्हा कड्यांवर चरू लागले आणि पुढच्या वर्षांत या डोंगरातली एकूण संख्या दुपटीहून जास्त झाली. तिथं लिलाव झाला नाही. खर्च सरकारी तिजोरीतून आणि देणग्यांतून भागला. ज्या राज्यांत असा पैसा मिळत नाही तिथं एका म्हाताऱ्या मेंढ्याचा परवाना विकून हेलिकॉप्टरचं भाडं भरलं जातं. मला ही व्यवस्था आवडत नाही, पण तो मेंढा खरंच म्हातारा असेल आणि पैसा खरंच त्याच डोंगरावर खर्च होणार असेल, तोवर मी तिला विरोध करणार नाही.