थरारपटाचा प्रारंभप्रसंग

थरारपट सुरू झाल्यापासून कथेचा मुख्य पेच उघड होईपर्यंतची पहिली काही मिनिटे म्हणजे त्याचा प्रारंभप्रसंग. या वेळेपर्यंत प्रेक्षकाला पात्रांची नावेही धड माहीत नसतात, तरी त्याचा जीव त्यांच्यासाठी टांगणीला लागला पाहिजे. श्रेयनामावली कधी या प्रसंगाआधी येते, कधी त्यातच मिसळते, तर कधी प्रसंग ऐन रंगात आला असताना तो तोडून पडद्यावर येते.

माहिती लपवली की उत्कंठा वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले होते. दोघे जण गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब कुणी ठेवला आणि तो किती वाजता फुटणार हे त्याला आधीच कळले, तर त्याच निरर्थक गप्पा तो पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकतो. म्हणजे पात्रापेक्षा प्रेक्षकाला थोडे जास्त माहीत असणे, हा या कलेचा गाभा.

खानदेशातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्यात हे तत्त्व चांगले उतरते. चोपड्याकडची केळीची बाग घ्या. शेतीपंपांची वीज पाळीने रात्री येते, म्हणून एक शेतकरी बॅटरी घेऊन पाणी भरायला आला आहे. विहिरीजवळच्या खोलीत पिवळा बल्ब जळतोय, मोटर चालू आहे. तो बागेत खोलवर ठिबकच्या नळ्या तपासत असताना मोटर बंद पडते. फेज गेला की मोटर बंद पडणार, ही नेहमीचीच कटकट. तो पुटपुटत विहिरीकडे परत निघतो. पण प्रेक्षकाने स्टार्टरच्या, मोटर बंद करणाऱ्या लाल बटणावर एक हात पाहिलेला आहे. आता त्याचे एकेक पाऊल जड वाटू लागते. वाळलेली पाने एकमेकांवर घासतात, तो थांबतो आणि अहिराणीत विचारतो, “कोन शे रे?” (कोण आहे रे?) उत्तर येत नाही. हाताचा तो एकच शॉट काढून टाकला, तर उरतो तो मोटर बंद पडल्याने वैतागलेला शेतकरी. तोच शॉट तो विहिरीपाशी पोचल्यावर दाखवला, तर प्रेक्षक फक्त दचकेल. शॉट तेच असतात, त्यांचा क्रम बदलला की परिणाम बदलतो, आणि तो क्रम ठरतो संकलकाच्या टेबलावर.

या प्रसंगाला जोर येतो तो आधीच्या साध्या दोन मिनिटांमुळे. डबा बाजूला ठेवणे, बटण दाबणे, पाणी आले का ते पाहणे हा नित्यक्रम नीट दाखवला, तरच त्यातला बारीकसा बदल डोळ्यांत भरतो. तपशील मात्र चोख हवा. वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो अनेकांच्या स्टार्टरला असते. ‘मोटर कुणी चालू केली?’ हे रहस्य तिथे टिकणारच नाही, आणि रावेर-यावलचा प्रेक्षक ते पहिल्या मिनिटालाच सांगेल.

आवाजाचे काम चित्राइतकेच मोठे असते. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ इव्हिल’ (१९५८) या चित्रपटाच्या सुरुवातीला घड्याळ लावलेला बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून लांब असलेल्या एकाच सलग शॉटमध्ये कॅमेरा त्या गाडीच्या मागेपुढे राहतो. मूळ प्रतीत या शॉटवर श्रेयनामावली आणि पार्श्वसंगीत होते. वेल्स यांच्या टिपणानुसार १९९८ मध्ये पुन्हा संकलन करताना ती दोन्ही काढली गेली. त्यामुळे रस्त्यावरचे आणि गाडीच्या रेडिओचे आवाज पुढे आले, आणि गाडी चौकटीबाहेर गेली तरी ती जवळपास आहे हे कानाला कळू लागले. पार्श्वसंगीताने ‘आता घाबरा’ असे सांगण्यापेक्षा हे कितीतरी प्रभावी आहे.

संकटाचे रूप लांबवणे ही दुसरी रीत. ‘जॉज’ (१९७५) मध्ये पहिल्या बळीच्या वेळी शार्क दिसतच नाही, दिसते ती पाण्यात खेचली जाणारी मुलगी. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती अशीच असते. ओल्या मातीतला पंजा आणि एकाएकी गप्प झालेले कुत्रे पुरतात, जनावर दाखवायची गरज नसते.

हिंदीत प्रश्नाने सुरुवात करण्याची परंपरा जुनी आहे. राज खोसला यांच्या ‘वह कौन थी?’ (१९६४) मध्ये पावसाळी रात्री डॉक्टर एका पांढऱ्या साडीतल्या अनोळखी बाईला गाडीत घेतो आणि तिला स्मशानभूमीपाशी सोडतो. इथे प्रेक्षक डॉक्टरच्या पुढे नाही, त्याच्याइतकाच गोंधळलेला आहे. ही रीत आकर्षक असली तरी महागात पडते, कारण प्रश्न जेवढा मोठा, तेवढेच उत्तरही मोठे द्यावे लागते. पहिल्या थरारानंतर ‘ते स्वप्न होते’ असे दाखवणे ही तर सरळ फसवणूक. त्यानंतर प्रेक्षक दिग्दर्शकावर विश्वास ठेवत नाही.

जळगाव-धुळ्याकडच्या अहिराणी व्हिडिओंमध्ये विनोदाचा भरणा मोठा आहे. थरारपटाला पैसा लागतो, ही समजूत त्याच्या आड येते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर किरकोळ वस्तू मांडून, उजेड नेमका टाकून, आख्खे देखावे उभे करत. वर सांगितलेल्या प्रसंगालाही एक विहीर, एक बल्ब, एक बॅटरी आणि दोन माणसे एवढेच लागते. केळीची बाग भरात आली की भरदुपारीही ऊन जमिनीपर्यंत फारसे पोचत नाही, त्यामुळे सावल्यांसाठीही वेगळा खर्च नाही. खर्च करायचाच तर तो चांगल्या माइकवर करावा, कारण पानांची सळसळ आणि मोटर थांबल्यावरची शांतता मोबाइलच्या माइकमध्ये नीट येत नाही.