वेलांटीची उडी

फिनलंडने शाळांतून हाताने लिहिणं बंद केलं, हा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये अजूनही फिरतो. त्याला जोडून नॉर्वेचा दाखला येतो, की कळफलक वापरला तर मुलांचा मेंदू सुस्तावतो. फिनलंडने २०१६ पासून फक्त जोडून लिहायच्या वळणाची सक्ती काढली. सुटी अक्षरं तिथली मुलं हातानेच गिरवतात. नॉर्वेचा प्रयोग खरा आहे. २०२४च्या जानेवारीत तो प्रसिद्ध झाला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडची जाळी बसवली होती आणि हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधला परस्परसंपर्क जास्त दिसला. पण त्या विद्यार्थ्यांना टाइप करायला एकच बोट वापरायची मुभा होती, आणि ‘हाताने लिहिणं’ म्हणजे टचस्क्रीनवर डिजिटल पेनने लिहिणं. कोण किती शिकलं, हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

लहान मुलांबद्दल मात्र हाताच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात २०१२ साली वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं हाताने काढून घेतली, काही गिरवून, काही कळ दाबून. मग तीच अक्षरं दाखवत मेंदूचं स्कॅन केलं. वाचनाशी जोडलेले भाग उजळले ते हाताने काढलेल्या अक्षरांना. तेव्हा पाटी आधी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण पाटीनंतर काय? हे सगळे प्रयोग रोमन लिपीवरचे. मराठी मूल संगणकावर मराठी लिहितं तेव्हा जे घडतं ते वेगळंच आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

‘आर्थिक’ हा शब्द घ्या. हाताने लिहिताना आपण आ काढतो, मग थ, त्याच्या डावीकडे वेलांटी, शेवटी डोक्यावर रफार. थ नंतरची इ आधी दिसते आणि थ आधीचा र् नंतर दिसतो. जीभ एका क्रमाने चालते, डोळा दुसऱ्या. जुन्या टाइपरायटरवर डोळ्याचा क्रम पाळावा लागे, वेलांटीची कळ आधी. युनिकोडने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून देणाऱ्या पद्धतीने, जिभेचा क्रम निवडला. संगणकाच्या पोटात ‘आर्थिक’ म्हणजे सहा आकडे: २३१० आ, २३५२ र, २३८१ पाय मोडण्याची खूण, २३४१ थ, २३६७ वेलांटी, २३२५ क. अगदी उच्चारतो त्याच क्रमाने.

मग पडद्यावर ते बरोबर कसं दिसतं? अक्षरं जुळवणारा एक प्रोग्रॅम मध्ये बसलेला असतो. तो आधी आकड्यांच्या माळेचे तुकडे पाडतो: आ, र्थि, क. मधल्या तुकड्यात सुरुवातीलाच र आणि मोडलेला पाय दिसला, पुढे व्यंजन आहे, म्हणजे हा रफार होणार, अशी तो नोंद करतो. मग मुख्य व्यंजन शोधतो, थ. वेलांटीला त्याच्या आधी नेऊन बसवतो. एवढं झाल्यावर फॉन्टमधल्या तक्त्यांकडे जातो: र आणि मोडलेला पाय या जोडीच्या जागी रफाराची आकृती, कुठे अर्ध्या स ची, कुठे त्र ची. मग रफाराच्या आकृतीला मुख्य व्यंजनानंतर ढकलतो. हे तक्ते क्रमाने लावले जातात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न बनतं, म्हणून एक नियम चुकीच्या जागी लागला तरी जोडाक्षर फुटतं. एखाद्या जुन्या पीडीएफमधून मराठी उतरवून घेताना वेलांट्या भलतीकडे गेलेल्या दिसतात, तिथे बहुधा दिसणाऱ्या आकृत्या जतन झालेल्या असतात, मूळ माळ नव्हे.

मुलाला यातलं काहीच कळायची गरज नाही. त्याच्या बोटांना फक्त माळ कळते, तीही इनस्क्रिप्ट कळफलक वापरला तरच. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली हा कळफलक प्रमाणित केला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क च्याच कळेवर शिफ्ट धरून ख, ग च्या कळेवर घ, त च्या कळेवर थ. वेलांटीच्या कळेवर शिफ्ट धरून इ. म्हणजे बाराखडीचा तक्ताच बोटांखाली पसरलेला.

घरोघरी प्रत्यक्षात काय चालतं? मूल रोमन अक्षरांत मराठी टाइप करतं आणि खाली आलेल्या यादीतून शब्द उचलतं. ‘दिन’ की ‘दीन’, ‘सुत’ की ‘सूत’, न की ण, हा निर्णय यंत्राने घेतलेला असतो. मोठ्यांची यात सोय आहे, मान्य. शिकणाऱ्याचं मात्र नुकसान होतं, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करायची जी एक वेळ होती तीच निघून जाते.

माझी भाची सहावीत आहे. तिला जोडाक्षर समजलं ते मागे खोडण्याच्या कळेने. ‘स्त्री’ लिहून ती कळ एकेकदा दाबा: स्त्र, मग स्त्, मग स्त, मग स्, मग नुसता स. अक्षर उसवत जातं. कागदावर खोडरबर हे कधीच दाखवू शकत नाही. पुढे तीन-चार दिवस ती घरातल्या सगळ्यांची नावं उसवत बसली होती.

इथे देवनागरीचा अभिमान बाळगणारे ‘नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवलं’ हे आणतात. नासाने असं काही ठरवलेलं नाही. नासाशी संबंधित रिक ब्रिग्स या संशोधकाचा १९८५ सालचा एक लेख आहे, संस्कृत व्याकरणकारांची वाक्यविश्लेषणाची पद्धत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतली ज्ञानमांडणी यांच्यातल्या साम्यावर. संगणकाला आकडे कळतात, मग लिपी कुठलीही असो. वर्णमालेचं कौतुक करायला खोट्या प्रमाणपत्राची गरज नाही.

अक्षरं जुळली म्हणजे लेखन आलं असं नाही, हेही खरं. ग्रॅहॅम आणि पेरिन या दोघांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांवरचे लेखनाचे प्रयोग एकत्र करून तपासले. उपयोगी ठरलेल्या ११ पद्धतींत संगणकावर लिहिणं होतं. नुसतं व्याकरण घोटून घेण्याचा परिणाम उणे निघाला. संगणक का उपयोगी पडतो, ते उघड आहे. वहीत लिहिलेला निबंध मूल पुन्हा लिहायला तयार नसतं, हात दुखतो. पडद्यावर परिच्छेद उचलून वर नेता येतो, सुरुवात बदलता येते, मजकूर दुसऱ्यांदा वाचला जातो. शाळेतल्या संगणकाच्या तासाला चित्रं रंगवण्यात वेळ जातो तेव्हा मला याचंच वाईट वाटतं. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासून असतो, फक्त सेटिंगमधून भाषा जोडायची.

गेल्या आठवड्यात भाचीने सहलीवर लिहिलं, त्यात ‘दर्याखोऱ्यांत’ असं झालं होतं. मी काही बोललो नाही. तिने शब्द मोठ्याने वाचला, “हा तर समुद्र झाला,” म्हणाली, आणि ‘र्या’च्या पुढे कर्सर नेऊन चार वेळा मागे खोडलं: काना, य, मोडलेला पाय, र. मग शिफ्ट धरून ऱ दाबला, पाय मोडला, य, काना.